तांडेलाची तोंडी परीक्षा

सुपारीच्या वखारीत इंजिन शिकवता येतं, यावर माझ्या वडिलांचा विश्वास बसला नाही. म्हसळ्याच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या गावाहून ते मला भेटायला आले, वखारीच्या दारात उभे राहिले, वास घेतला आणि म्हणाले, "अजून सुपारीच वासतेय रे." मग त्यांनी मधोमध लाकडी ठोकळ्यांवर बोल्टांनी आवळून बसवलेलं ते हिरव्या रंगाचं डिझेल इंजिन पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे तुला येतं?"

"येतं," मी म्हणालो.

"मग बरं," ते म्हणाले आणि इंजिनाला नमस्कार करून बाहेर जाऊन बसले.

आमच्या घराण्यात भातशेतीखेरीज कुणी काही केलेलं नव्हतं. मी पहिला पदवीधर. म्हसळ्याच्या शाळेतल्या मास्तरांनी फी माफ करून दिली, पुढे मुंबईत एका नातलगाच्या खोलीत पथारी टाकून मी बी.एस्सी. झालो. पदार्थविज्ञानात पदवी मिळाली तरी हाताला वंगण लागलेलं नव्हतं. सरकारने मला मच्छीमारांच्या प्रशिक्षण केंद्रावर कनिष्ठ निदेशक म्हणून नेमलं, आणि त्याआधी मलाच एका कारखान्यात इंजिन शिकायला पाठवलं. ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. शिकवणाऱ्याला आधी शिकवावं, हे कुणाला तरी सुचलं होतं आणि त्याने ते नियमात लिहून ठेवलं होतं. लोक सरकारी नियमांना हसतात. मीही कधीकधी हसतो. पण माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी कुठल्या तरी नियमातूनच आलेल्या आहेत.

केंद्र श्रीवर्धनच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी होतं. जागा मिळेना म्हणून एका बागाईतदाराची वखार भाड्याने घेतलेली. खाली इंजिन आणि फळा, वर माळ्यावर उमेदवारांची झोपायची सोय, मागे स्वयंपाकाची पडवी. इंजिनाच्या धुराची नळी खिडकीतून बाहेर काढली होती, तिचं तोंड शेजारच्या नारळी-सुपारीच्या बागेकडे. पहिल्या दिवशी इंजिन सुरू केलं तेव्हा त्या बागेचा मालक धावत आला. मला वाटलं, तक्रार करणार. तो म्हणाला, "मास्तर, हे रोज चालवणार का? वानरं पार डोंगरापलीकडं गेली हो!" तेव्हापासून आमच्या केंद्राला नारळ कधी विकत घ्यावे लागले नाहीत.

वर्ग पावसाळ्यातच चालत. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, म्हणून कोळी माणूस मोकळा असतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की कोळी पुन्हा हाती लागायचा नाही. तेवढ्या अवधीत त्याला इंजिन उघडायला, जोडायला, चालवायला आणि बिघडलं तरी होडी घरी आणायला शिकवायचं, आणि शेवटी परीक्षा.

शिकण्याच्या काळात त्यांना विद्यावेतन मिळे. पहिल्या महिन्याला ते हातात पडल्यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. एकाने विचारलं, "मास्तर, हे परत कवा द्यायचं?" मी म्हणालो, परत द्यायचं नाही. "मंग आमी काय काम केलं?" मी म्हणालो, "शिकलात." यावर माळ्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की सरकारला इंजिनं खपवायची असणार.

त्याच सुमारास शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. त्याचा आमच्या केंद्राशी थेट संबंध नव्हता, पण माझ्या चुलतभावाशी होता. तो मुंबईत एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागलेला. शिमग्याला गावी आला की त्याला आम्ही विचारायचो, काय शिकलास? तो म्हणायचा, "कोण चहात किती साखर घेतो ते शिकलो." लेथला हात लावायला मिळत नव्हता. कायदा आल्यावर त्याचा रीतसर करार झाला, किती काळात काय शिकवायचं ते ठरलं, शेवटी परीक्षा ठरली. पुढच्या शिमग्याला तो आला तेव्हा पालखी नाचवण्याआधी त्याने मला अंगणात बसवून लोखंडाला आटे कसे पाडतात ते काडीने मातीत काढून दाखवलं. मला अशा कायद्यांबद्दल प्रेम का वाटतं हे त्या मातीतल्या रेघोट्यांवरून समजावं.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

आमच्या पहिल्या तुकडीत दहाबारा जण होते, सगळे खाडीपलीकडच्या एकाच कोळीवाड्यातले. त्या गावच्या मच्छीमार सोसायटीला होडीवर बसवायचं इंजिन मंजूर झालेलं. अट एकच होती: इंजिन चालवण्याची परीक्षा पास झालेला निदान एक माणूस त्या होडीवर हवा. अट रास्त होती. दुसऱ्या एका बंदरावर न शिकलेल्यांच्या हाती इंजिन दिलं, ते आठवड्यात बंद पडलं आणि त्यावर कोंबड्या बसायला लागल्या, असं आम्ही ऐकून होतो. नारळी पौर्णिमेच्या आत दाखला मिळाला नाही, तर इंजिन यादीतल्या पुढच्या गावाला जाणार होतं, आणि या गावाला पुन्हा केव्हा मिळेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

इंजिनाची गरज काय, ते मला गावच्या तांडेलाच्या बायकोने सांगितलं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा. ही त्याची बायको दर आठवड्याला सुक्या बोंबलांची टोपली घेऊन केंद्रावर यायची आणि नवऱ्यापेक्षा मलाच जास्त तपासायची.

"शिकतात का न्हाय?" ती विचारायची.

"शिकतात, मावशी."

"न्हाय शिकले तर फटके द्या. वारा पडला की ह्यांची होडी बसती समुद्रात आन हे झोपत्यात. इकडं बर्फाचा टरक माणगावला निघून जातो. मंग आमी काय करायचं? सुकवा! मासळी सुकवून सुकवून बगा मास्तर, बोंबलाच्या आधी मीच सुकले." मग ती आवाज चढवून माळ्याकडे तोंड करायची. "इंजन आलं न्हाय यंदा, तर ह्याच वखारीत येऊन बसन मी सुकवायला! समद्यांना!"

माळ्यावरून तिच्या नवऱ्याचा आवाज यायचा, "अगो, वर्ग चाललाय."

"वर्ग खाली चालतो. वर काय चालतं मला ठाव हाय!"

तांडेल स्वतःही आमचा उमेदवार होता. वयाने तो माझ्या वडिलांएवढा असेल. प्रशिक्षणाला तरुण यावेत अशी अपेक्षा होती, पण अनुभवी मच्छीमारांना वयाची सूट देण्याची तरतूद होती, तिचा त्याने लाभ घेतला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "माझ्या होडीवर जे बसनार, ते मला ठाव नको?" मी त्याचं नाव लिहून घेतलं. नोंदणीच्या दिवशी तो सर्वांच्या पुढे उभा राहिला, त्यामुळे हजेरीत त्याचा क्रमांक पहिला. दुसरा त्याच्या पुतण्याचा. पुतण्या पंचविशीतला, लग्न झालेला, खांद्याने रुंद आणि बोलण्यात अगदीच कंजूस. होडीवर इंजिनाचं काम त्याने बघायचं असं गावाने ठरवलं होतं. त्याचा हात चांगला होता. इंजिन खोलून परत जोडलं की बाकीच्यांच्या हातात एखादा वॉशर उरायचा, याच्या कधी उरला नाही.

पण वर्गात प्रश्न विचारला की उत्तर तांडेल द्यायचा. मी कुणाकडेही बघून विचारलं तरी तोच द्यायचा. बाकीचे फळ्याकडे बघत राहायचे. पुष्कळदा त्याचं उत्तर बरोबर असायचं, कारण माणूस हुशार होता. मला वाटलं, म्हातारा उत्साही आहे. मला बरंच वाटायचं.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली तेव्हा मी एक सराव परीक्षा घेतली. आमची परीक्षा दोन भागांत असे: एक हाताच्या कामाची आणि दुसरी तोंडी. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं म्हणून तोंडी ठेवलेली. ती हजेरीच्या क्रमाने आणि सर्वांसमक्ष घ्यायची, असा नियम. बंद खोलीत एकेकाला घेतलं तर वशिला लावला जातो, अशी पूर्वी कुठे तरी तक्रार झाली होती, म्हणून हा नियम आलेला. मी तसंच सर्वांना बाकांवर बसवलं आणि इंजिनावरचा अगदी नेहमीचा प्रश्न काढला. होडी चालू आहे, थंड पाण्याची नळी तुंबली आणि इंजिन तापून लाल व्हायला आलं. काय कराल?

उत्तर मी कितीदा तरी घोकून घेतलं होतं. वेग कमी करायचा, इंजिन बंद करायचं, नळी साफ करायची, आपोआप निवू द्यायचं. तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, गार पाणी कधीही ओतायचं नाही, बीड तडकतं आणि इंजिन कायमचं जातं.

पहिला क्रमांक तांडेलाचा. तो उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बादलीभर पानी मारीन."

मी पुतण्याकडे बघितलं. तो उभा राहिला, खाली बघत म्हणाला, "बादलीभर पानी मारीन."

तिसरा म्हणाला, "बादलीभर." चौथा म्हणाला, "बादलीभर." असं करत करत शेवटच्यापर्यंत बादली गेली. फक्त एकाने, बहुधा आपलं काही वेगळं दिसावं म्हणून, दोन बादल्या मारल्या.

मी खडू हातात घेऊन उभा होतो. एवढी सगळी इंजिनं माझ्या डोळ्यांसमोर तडकत होती. मी वर्ग सोडून दिला. दुसऱ्या दिवशी कुणाकडेही न बघता, फळ्याकडे तोंड करून पुन्हा तोच धडा शिकवला आणि "काही जणांचा इथे गैरसमज होतो" असं म्हणालो. तांडेलाने मान डोलावली आणि मागे वळून सर्वांना बजावलं, "ऐका रे नीट."

मी केंद्रप्रमुखांकडे गेलो. भले गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "पावसाळा आहे. माणसं जड होतात. उजळणी घ्या."

मी उजळणी घेतली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. ही माणसं नापास झाली तर इंजिन जाणार, आणि ती नापास होणार ती माझ्याकडे शिकून.

मग एके दिवशी तांडेल सोसायटीच्या कामाला म्हसळ्याला गेला. सकाळच्या गाडीने गेला आणि नदीला पूर आल्याने त्या दिवशी परत आलाच नाही. त्या दिवशीचा वर्ग मी कधी विसरणार नाही. मी आत आलो तेव्हाच गलका चालला होता. कुणी तरी फळ्यावर माझं चित्र काढलं होतं, हातात खडूऐवजी पाना. मी प्रश्न विचारला तर चार जणांनी एकदम उत्तर दिलं, आणि दोघांत त्यावरून भांडण लागलं. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर काय करायचं यावर पुतण्या उठून इंजिनाजवळ गेला, नळीचा नट सैल केला, डिझेलचे बुडबुडे कसे येतात, ते थांबून नितळ धार लागली की नट कसा आवळायचा, हे सगळं बोलून दाखवलं. एवढं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो. त्याचा आवाज काकासारखाच खणखणीत होता.

मी म्हणालो, "आणि इंजिन तापलं तर?"

"निवू द्यायचं," सगळे ओरडले.

"पाणी?"

"ए, मारायचं न्हाय! तडकंल!"

"मग त्या दिवशी काय झालं होतं? एवढ्या बादल्या कुठून आल्या?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग मागच्या बाकावरचा एक जण, ज्याने दोन बादल्या मारल्या होत्या तोच, म्हणाला, "तांडेलानं मारली, मंग आमी काय कोरडे ऱ्हानार?"

सगळे हसले, पुतण्यासुद्धा. पण मग तोच मला समजावून सांगायला लागला. होडीवर बाहेरच्या माणसाने काही विचारलं तर उत्तर तांडेल देतो. दुसऱ्याने द्यायचं नाही. त्याने दिलेलं उत्तर चुकीचं असलं तरी बाहेरच्यासमोर ते खोडायचं नाही, कारण एका होडीत दोन तोंडं झाली की होडी बुडते. आणि तांडेल कधी "ठाव न्हाय" म्हणत नाही. धुकं असो, काळोख असो, त्याला विचारलं किनारा कुठे, तर तो हात करतोच. त्या हातावर बाकीचे वल्ही मारतात.

"म्हणजे मी बाहेरचा?" मी विचारलं.

"तुमी मास्तर," पुतण्या म्हणाला. "पन होडीतले न्हाय."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण एवढा आनंद झाला की मी इंजिन सुरू करून टाकलं. बागेतली वानरं पळाली. माझे विद्यार्थी ढ नव्हते. त्यांना सगळं येत होतं.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग लक्षात आलं की परीक्षकही बाहेरचाच येणार आहे, परीक्षा सर्वांसमक्ष होणार आहे, आणि पहिला क्रमांक तांडेलाचा आहे. क्रम बदलता येईना, यादी अलिबागला जाऊन पोचली होती. केंद्रप्रमुखांना म्हणालो, एकेकाला आत घेऊ. ते म्हणाले, "नियम कशासाठी केलाय ते तुम्हाला माहीत आहे. आपण पहिल्याच वर्षी तो मोडायचा?" त्यांचं बरोबर होतं. उरला एकच मार्ग. तांडेलाशी बोलायचं.

तो म्हसळ्याहून परतल्यावर किनाऱ्यावर आपल्या शाकारलेल्या होडीच्या आडोशाला जाळं विणत बसला होता. पाऊस थांबून थांबून पडत होता. मी शेजारी बसलो. आमच्या घरी वडील ताटावर बसल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, आणि मी त्यांच्याएवढ्या माणसाला चूक सांगायला आलो होतो. बराच वेळ मी भाताच्या रोपांबद्दल बोललो.

शेवटी तोच म्हणाला, "मास्तर, रोपं लावायला आलात व्हय इथं?"

मग मी बोललो. परीक्षेत ज्याने त्याने आपापलं उत्तर द्यायचं असतं. पोरांना येतं, पण तुमच्यापुढे बोलत नाहीत. परीक्षकाला वाटेल येत नाही.

"माझ्यापुढं कशाला बोलतील? मी बोलतो की."

"तुम्ही चुकलात तर तेही चुकतात."

त्याचे हात थांबले. "मी कवा चुकलो?"

समोर खाडीतून एक ओंडका वाहत चालला होता, आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"पानी मारायचं न्हाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मारलं तर?"

"इंजिन तडकेल."

"मंग त्या दिवशी सांगितलं का न्हाय मला? तुमी म्हनलात काही जनांचा गैरसमज. मला वाटलं पोरांचा." त्याने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. "म्हंजे तुमी पन भ्यालात!"

"भ्यालो," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला. पण मग पुन्हा जाळं विणायला लागला. मी उठलो तेव्हा त्याने वर बघितलं नाही. पुढचे दिवस तो वर्गात येऊन बसायचा, ऐकायचा, उत्तर मात्र द्यायचा नाही. तो गप्प, म्हणून सगळेच गप्प. मला वाटलं, मी होतं तेही घालवलं.

परीक्षेच्या दिवशी पाऊस कोसळत होता. परीक्षक गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आले, म्हसळ्याच्या पुढे गाडी अडकल्याने थोडं चालावं लागलं होतं. स्वच्छ, शिस्तीचा, हसणं विसरलेला माणूस. चहाही परीक्षेनंतर घेईन म्हणाले. हाताच्या कामाची परीक्षा चांगली झाली. हातांना तांडेलाकडे बघावं लागत नाही.

मग सगळे बाकांवर बसले. दारात पत्र्याच्या वळचणीखाली तांडेलाची बायको आणि गावातल्या आणखी काही बायका येऊन उभ्या राहिल्या. परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं. केंद्रप्रमुख म्हणाले, "सर्वांसमक्षच आहे, साहेब." त्यांनी यादी उघडली.

तांडेल उठला. त्या दिवशी त्याने लाल टोपी घातली होती. पहिला प्रश्न सोपा होता, वंगण किती वेळाने बघायचं. तो बरोबर बोलला. मग परीक्षकांनी विचारलं, इंजिन सुरू होतं आणि लगेच बंद पडतं, पुन्हा हँडल मारलं तरी तसंच. दोष कुठे शोधाल?

तांडेल उभाच होता. त्याने इंजिनाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मागे सगळे जण त्याच्या पाठीकडे बघत होते. तो काय बोलणार तेच पुढे सगळे बोलणार होते, आणि मला माहीत होतं की त्याला काहीतरी बोलावंच लागणार.

"मला ठाव न्हाय," तांडेल म्हणाला.

कुणी तरी बाकावर हलल्याचा आवाज झाला.

"काय?" परीक्षक म्हणाले.

"ठाव न्हाय, सायेब. वाऱ्याचं इचारा, पान्याचं इचारा, ते सांगन. ह्या इंजनाचं मला न्हाय ठाव." मग तो मागे वळला आणि पुतण्याला म्हणाला, "तुला हाय. तू सांग. माझ्याकडं बगू नको, सायबाकडं बग."

परीक्षक म्हणाले, "एकाचा प्रश्न दुसऱ्याला देता येत नाही."

"मंग माझा चुकला असं लिवा," तांडेल म्हणाला आणि खाली बसला.

दारातून त्याच्या बायकोचा आवाज आला, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असा: "जल्मात पैल्यांदा!"

परीक्षकांच्या ओठांना काहीतरी झालं. त्यांनी ते चष्मा पुसून लपवलं. मग पुतण्याला उभं केलं आणि त्याला नवा प्रश्न विचारला, कोणता ते आता आठवत नाही. त्याची मान काकाकडे वळू पाहत होती. तांडेलाने मुद्दाम तोंड खिडकीकडे फिरवून बागेकडे बघायला सुरुवात केली, जणू त्याला वानरं मोजायची आहेत. मग पुतण्या बोलायला लागला. आणि एकदा लागला तो थांबेना. परीक्षकांनी "पुरे" म्हटल्यावरसुद्धा त्याने आधी तांडेलाने न दिलेलं उत्तर, डिझेलच्या नळीतल्या हवेचं, तेही सांगून टाकलं. तिसरा उठला, चौथा उठला. एकाचंही उत्तर दुसऱ्यासारखं नव्हतं. दोन बादल्यावाल्याने तर परीक्षकांनाच उलट प्रश्न विचारला. दोघे जण तोंडीत गडबडले, पण आपापल्या अकलेने गडबडले, आणि मला तेही बरं वाटलं.

संध्याकाळी निकाल कळला. पुतण्या पास, आणखी बरेच जण पास. इंजिन गावाला मिळणार हे नक्की झालं. तांडेल थोडक्यात राहिला. मी त्याला सांगायला गेलो तेव्हा तो पडवीत बसून भात जेवत होता.

"पुढच्या वर्साला परत येतो," तो म्हणाला. "जेवन बरं असतं तुमचं."

"आन येईलच!" त्याची बायको आतून म्हणाली. आता ती आमच्या आचाऱ्याला कालवण शिकवत होती. "घरी खानार कोन?"

इंजिन माणगाववरून ट्रकने आलं, नारळी पौर्णिमेच्या जरा आधी. ते होडीवर बसवायला सगळा गाव लोटला. पौर्णिमेला नारळ सोडल्यावर दोन-तीन दिवसांनी होडी पहिल्यांदा इंजिनावर बाहेर पडली, आणि मला बरोबर घेतलं. मी भातशेतीतला माणूस. खाडीचं तोंड ओलांडताच माझ्या पोटातलं सगळं वर आलं. मास्तर समुद्राला नैवेद्य देतायत, असं कुणी तरी म्हणालं. मी कठड्याला धरून बसलो आणि इंजिनाचा ठोका ऐकत राहिलो, तो मात्र अगदी माझ्या वखारीतल्यासारखा होता.

सुकाणूवर तांडेल. इंजिनाशी पुतण्या. किनारा मागे पडला तसा वारा पडला, शिडाची होडी असती तर तिथेच थांबली असती. हरिहरेश्वरच्या बाजूला आभाळ थोडं भरून आलेलं दिसत होतं. तांडेलाने तिकडे एकदा बघितलं, मग खाली बघून पुतण्याला ओरडून विचारलं, "काय रं, काय म्हनतं तुझं इंजन? जाऊ फुडं का वळू?"

पुतण्याने सवयीने मान वर केली आणि काकाकडे बघितलं, उत्तर मिळेल म्हणून. होडीतले सगळे काकाकडेच बघत होते. तांडेल समुद्राकडे बघत राहिला. त्याने हात केला नाही. पुतण्याने इंजिनावर तळवा ठेवला, पाण्याच्या नळीची धार बघितली, पुन्हा एकदा ऐकलं.

"जाऊ फुडं," तो म्हणाला.

"जाऊ फुडं," तांडेलाने सगळ्यांना सांगितलं आणि सुकाणू सरळ धरलं.